बॉयलरवरचा वरवंटा

भिवंडी,
१२ फेब्रुवारी १९७४

श्री. रा. रा. दौलतभाऊंना तुळशीरामचा दंडवत. तुमच्या कंबरदुखीला आता उतार पडला असेल. इकडे कमळ (तुमची बहीण म्हणून तिला बायकोपेक्षा जरा जास्तच मान देतो) खुशाल आहे. आमच्या लग्नात तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात की, आमचे दाजी चुलीत कोळसा सारतात. भाऊ, त्या चुलीवर बॉयलर असतो, आणि तो चालवायला सरकारी परीक्षा द्यावी लागते. (मी दुसऱ्या खेपेला पास झालो, हे कमळने तुम्हाला सांगितलंच असेल.)

तर शुक्रवारची गोष्ट. आमच्या कारखान्यात सुताला खळ लावतात, त्याला वाफ बॉयलरची. वाफ फार झाली की सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडतो आणि ती बाहेर सोडतो. तो व्हॉल्व्ह महिनाभर फुसफुसत होता. आमचे मॅनेजर रामनाथ (माणूस वाईट नाही, फक्त सगळं कळतं) त्या आवाजाला कंटाळले. मी भाकरी खायला गेलो तेवढ्यात त्यांनी व्हॉल्व्हच्या दांडीला सुतळीने दगडी वरवंटा टांगला. आवाज बंद. मी परत येऊन बघतो तर दाबाचा काटा लाल रेघेच्या पुढे.

भिंतीपलीकडे अकरा माणसं कामाला. मी म्हटलं, बाहेर व्हा. त्यातल्या काशीबाई, बीमच्या रुळावर सूत गुंडाळत होत्या, म्हणाल्या, "बीम अर्धा हाय, जरा थांब." त्यांना हाताला धरून काढलं. मग भट्टीतला जळता कोळसा ओढून बाहेर घेतला. त्यात उजवी मिशी गेली. भीती वगैरे काही वाटली नाही. काटा खाली आल्यावर सुतळी कापली. व्हॉल्व्ह असा गरजला की रामनाथ मागे सरले ते गार खळीच्या टाकीत बसले.

नेमके त्याच वेळी बॉयलर इन्स्पेक्टर दारात. वरवंटा उचलून त्यांनी विचारलं, हा कुणी टांगला? रामनाथांनी माझ्याकडे पाहिलं. काशीबाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "ह्या पांढऱ्या साहेबांनी. मी बघितलाय."

मोठ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
तुळशीराम

ता. क. नवा व्हॉल्व्ह बसून पाण्याने दाबाची परीक्षा होईपर्यंत बॉयलर बंद आहे. म्हणून आम्ही चौघं रविवारी तुमच्याकडे वळ गावी येतो, पंधरा दिवसांसाठी. मानकोलीला बैलगाडी पाठवा.

आणखी एक. माझं अंथरूण मुलांपासून लांब घाला. कमळ म्हणते, शुक्रवारपासून मी रोज झोपेत "बाहेर व्हा" म्हणून ओरडतो आणि शेजारच्याला ओढत दारापर्यंत नेतो.