जेमेलीच्या मागे एक पाऊल

३ मार्च, सोमवार
तीन मिनिटं उशीर झाला म्हणून सगळ्या मैदानासमोर माझी खरडपट्टी! "तारुस, आंधळी मी आहे. घड्याळ तुला दिसतं ना?" पोरं खो खो हसली. मीही हसलो — करणार काय? पळताना वीतभर दोरी, एक टोक जेमेलीच्या हातात, दुसरं माझ्या. तीन वर्षं झाली. मी स्वतः पंधराशे मीटरला जिल्ह्यात पहिला आलो होतो, हे आज कपसाबेतमध्ये कुणाच्या गावीही नाही. मी म्हणजे जेमेलीचा गाइड. बस्स.

९ मार्च, रविवार
रविवारीही सुटका नाही. चर्च सुटलं की हिची घरोघर फेरी. कुणी आंधळं पोर आतल्या खोलीत लपवलंय असं कळलं की ही दारात हजर, आणि हिला न्यायला मी. आज चेप्टेरित गावचा एक बाप म्हणाला, "आमच्यात असं कुणी नाही." ही म्हणते, "मग आत कोण खोकतंय? बकरी?" तासभर भांडली. पुढे केलेला चहासुद्धा घेतला नाही. शेवटी बापाने मान तुकवली, मुलीला शाळेत घालणार. वाटेत मला म्हणाली, "तू काय मुका आहेस? दोन शब्द बोलत जा की!" इतका राग आला की दोरी तिथेच टाकून घरी जावंसं वाटलं.

१७ मार्च
आज कोच बिरेच सरांना सांगून टाकलं. मला सोडा. सव्विसावं संपत आलं, मला माझं पळायचंय. सर म्हणाले, "देशाच्या संघाची निवड चाचणी तोंडावर आलीय, आता नवा गाइड कुठून आणू? ती निवडली गेली तर आणखी दोन वर्षं तूच. नाही निवडली, तर तू मोकळा."

१८ मार्च
नाही निवडली तर...

२३ मार्च, रविवार
नियम सोपा. रेषा आधी जेमेलीने ओलांडायची, मागून मी. मी आधी गेलो की दोघंही बाद. एक पाऊल! कुणाला संशयही येणार नाही.
वाईट वाटतंय का? छे! मागच्या वर्षी ती जिंकून आली तेव्हा बायकांनी गाणी म्हणत तिच्या ओठांना मुरसिकचं भोपळ्याचं भांडं लावलं. फोटोवाल्यांची ही गर्दी. मी शेजारी तिची पिशवी धरून उभा. त्या आंबवलेल्या दुधाचा एक घोट? नाव नको. भोपळा माझ्या नाकासमोरून परत गेला. आणि घरी आल्यावर आई — माझी आई! — म्हणते, "जेमेली किती ऐटीत प्यायली!"
ठरलं.

२९ मार्च, शनिवार, नैरोबी
झालं. पण मी ठरवलं होतं तसं नाही!
शेवटच्या फेरीला एल्डोरेटची बाई पुढे होती. जेमेलीने विचारलं, "किती?" मी म्हटलं, "चार पावलं." "मग बघतोस काय मेल्या!" त्यानंतर बेतबित सगळा विसरलो. गाढवासारखा विसरलो. समोर फक्त त्या बाईची पाठ. वळणावर गाठली, मागे टाकली, मैदान ओरडत होतं — आणि रेषेवर मी छाती पुढे झोकली. शाळेपासूनची खोड. जिंकताना आम्ही सगळे तेच करतो.
जेमेली पहिली. जेमेली बाद.
सर सगळ्यांसमोर ओरडले, "पहिल्यांदा पळतोयस का रे?" मुद्दाम केलं नाही, हे कुणाला सांगू? आणि मुद्दाम करणार होतो, हे तरी कुणाला सांगू?

३१ मार्च
चहाच्या टपरीवर बसलो, तर बाकावरची माणसं उठून गेली. आईने ताट पुढे सरकवलं आणि पाठ फिरवली. मोकळा झालो म्हणे मी!

२ एप्रिल
जेमेली रेडिओवर बोलली. "शेवटी मीच अडखळले. चूक माझी. तारुसला कुणी बोलायचं नाही." धडधडीत खोटं! तिचे उपकार हवेत कुणाला? तसाच तिच्या दारात गेलो आणि सगळं ओकून टाकलं. बेत, छाती, सगळं. शेंगा सोलत ऐकत होती. मग म्हणाली, "संपलं? जा आता. माझा वेळ घेऊ नकोस."

३ एप्रिल
राहवेना. परत गेलो. बेत तिला आधीच माहीत होता! "आठवडाभर तुझं पाऊल चोरासारखं पडत होतं." मग दुसरा गाइड का नाही घेतला? "तुझ्याआधी चार झाले. चौघांना माझी दया यायची. दया करणारे हळू पळतात."
पुढची चाचणी जूनमध्ये. बिरेच सरांना सांगून आलो, मी मोकळा नाही.