हातोडीवरचे आकडे

सर,

शाळेचं वर्कशॉप बंद होणार, हे नक्की झालं. बातमी दिली शाळेच्या हेडक्लार्कने. तोच, जो वर्कशॉपमध्ये माझ्या शेजारी, लोखंड आवळून धरायच्या व्हाइसवर काम करायचा. ठरावाचा मसुदा त्याने स्वतः टाइप केला आणि मला फोनवरून वाचून दाखवला. एका तोंडाने कळलेलं छापायचं नाही अशी आमच्या धंद्याची सवय, म्हणून मी सध्याच्या मुख्याध्यापकांनाही विचारलं. ते म्हणाले, हो, तसा मसुदा आहे, रविवारच्या सर्वसाधारण सभेपुढे येईल. लेथ आणि ड्रिल भंगारात जातील, त्या जागी सभागृह होईल. एवढंच असतं तर मी दोन ओळींची बातमी करून सोडून दिलं असतं. पण ठरावात कारण दिलं आहे. 'तत्कालीन निदेशकाने तपासणीच्या वेळी केलेल्या गैरप्रकारामुळे विभागाची विश्वासार्हता गेली, ती पुन्हा प्रस्थापित होऊ शकली नाही.' निदेशक म्हणजे तुम्ही. नाव घालण्याचेही कष्ट कोणी घेतलेले नाहीत.

वीस वर्षं रोज दुसऱ्यांची वाक्यं कापण्यात गेली, त्यामुळे वाक्य कुठे खोटं बोलतं ते मला चटकन दिसतं. विश्वासार्हता गेली म्हणे. होती कधी? त्या शाळेने तुम्हाला एक दिवस तरी शिक्षक मानलं का? गणितात गटांगळ्या खाणाऱ्यांना तुमच्याकडे पाठवायचे आणि त्याला टेक्निकलचा वर्ग म्हणायचे. स्टाफरूममध्ये तुम्हाला खुर्ची नव्हती. घाट चढणाऱ्या रेल्वे इंजिनांच्या शेडमध्ये तुमची उभी हयात फिटर म्हणून गेली होती, पण इंग्रजीचे मास्तर तुम्हाला 'मिस्त्री' म्हणून हाक मारायचे, तीही खिडकीतून, मोडलेली बाकं दुरुस्त करायला. तुम्ही जायचात. बाक नीट करून परत यायचात आणि आम्हाला सांगायचात, "बसनाऱ्याचा काय दोष रं, बाकच तसा केला हाय." आम्ही हसायचो. तुमच्या बोलण्यातली मेख मला फार उशिरा कळली.

नव्या माणसाला तुमची पद्धत सांगायची तर मी आकड्यांपासून सुरुवात करीन. इतर ठिकाणी जॉब, म्हणजे करायला दिलेली वस्तू, पुरा झाला की त्यावर मुलाचा नंबर ठोकतात. तुम्ही आधी ठोकायला लावायचात. लोखंडाचा कच्चा तुकडा हातात आला की पहिलं काम हेच, आकड्यांचा पंच धरायचा आणि आपला हजेरी नंबर खोल उमटवायचा. मग कानस. घासताना आकडा पुसट होत जायचा, आणि पुसट होऊनही वाचता आला तर माप बरोबर. पुसून गेला तर जास्त घासलंस. पट्टी न लावताही मुलाला आपली चूक आपोआप दिसायची. बिघडलेला जॉब तुम्ही कधी फेकू दिला नाहीत. पुन्हा नंबर ठोक, आता त्याच तुकड्यातून लहान हातोडी काढ. म्हणून आमच्या चौदा जणांच्या हातोड्या चौदा आकारांच्या होत्या. पोशीरहून येणाऱ्या एकाची तर इतकी लहान झाली की आम्ही त्याला सुपारी फोडायला ती आजीला दे म्हणायचो. तुम्ही ती हातात घेऊन काटकोन तपासायचा गुण्या लावलात, खिडकीकडे धरून फटीतून उजेड दिसतो का पाहिलंत आणि म्हणालात, काटकोन ह्याचाच खरा हाय.

त्या वेळच्या मुख्याध्यापकांना हे चौदा आकार दाखवायची लाज वाटली. वरच्या वर्गाला टेक्निकल विषय मंजूर व्हायचा होता आणि त्यासाठी तपासणी अधिकारी येणार होते. शनिवारी त्यांनी तुम्हाला बोलावून सांगितलं की टेबलावर एकसारखं, चकचकीत काम दिसलं पाहिजे. तुम्ही सांगितलंत, पोरांनी केलंय तेच दिसंल. आमच्या हातोड्या कपाटात होत्या, तुम्ही कपाट उघडून तयार ठेवलंत आणि घरी गेलात. हे सगळं मला दुसऱ्या दिवशी खुद्द मुख्याध्यापकांनीच सांगितलं, तक्रारीच्या सुरात, जणू तुम्ही हट्टी आणि मी समजूतदार.

कारण रविवारी त्यांनी मला ऑफिसात बोलावलं होतं. त्यांच्या टेबलावर मुंबईच्या बाजारातून आणलेल्या चौदा हातोड्या, एकाच साच्यातल्या, ओळीने मांडलेल्या होत्या. मी समोर उभा आहे, चप्पल बाहेर काढून. ते अगदी मऊ आवाजात बोलतायत. वर्ग मंजूर झाला तर तुमच्या सरांचंच भलं होईल, त्यांना आपला फायदा कळत नाही, आपणच तो करून द्यायचा. खोपोलीच्या कारखान्यात उमेदवारीसाठी चिठ्ठी देईन म्हणाले. नंबर तेवढे घाल. वर्कशॉपची एक किल्ली तुम्ही माझ्याकडे दिली होती, सकाळी लवकर येऊन दार उघडावं, खिडक्या उघडाव्यात म्हणून. किल्ली खिशात होती, आणि पंचांची लाकडी पेटी कुठे असते तेही मला ठाऊक होतं. सर, आता हे लिहून मोकळा होतो. ते आकडे मी ठोकले. चौदाच्या चौदा.

सोमवारी तुम्ही आलात तेव्हा टेबल मांडलेलं होतं, अधिकारीही दारात होते. ते पूर्वी कुठल्यातरी कारखान्यात काम केलेले असावेत, कारण त्यांनी चकाकीकडे पाहिलंच नाही. एक हातोडी उचलून आकड्यावरून अंगठा फिरवला. आम्ही आधी नंबर ठोकून घासायचो, त्यामुळे आमच्या आकड्यांच्या कडा गुळगुळीत असायच्या. घासून झालेल्या लोखंडावर ठोकलेल्या आकड्याच्या कडा वर येतात, बोटाला खुपतात. मुख्याध्यापकांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला माहीत होतं, आणि रविवारी ते मला आठवलंही नाही. अधिकाऱ्यांनी माझ्याच नंबरची हातोडी माझ्यापुढे धरून विचारलं, ही तू केलीस का. मी हो म्हणालो. कोणत्या कानशीने, म्हणाले. मी आधी रफ, मग स्मूथ, शेवटी खडू लावून, असं सगळं बिनचूक सांगितलं. तुम्ही शिकवलेलं होतं ते. त्यांनी माझ्या शेजाऱ्याला विचारलं, आजच्या हेडक्लार्कला. तोही हो म्हणाला, खाली बघत.

मग ते तुमच्याकडे वळले. पंच कोणाच्या ताब्यात असतात, असं त्यांनी विचारलं. तुम्ही हातोडी घेतलीत, खिडकीकडे तिरपी धरून आकडा पाहिलात आणि नंतर माझ्याकडे पाहिलंत. मुख्याध्यापक छताकडे बघत होते. तुम्ही सावकाश म्हणालात, "किल्ली माज्याकडंच असती, सायेब. दुसऱ्या कुनाकडं नाय."

अहवालात आलं की निदेशकाने बाजारातला माल आणून मुलांना उत्तरं पढवली. माझी उत्तरं बरोबर होती, हाच तुमच्यावरचा पुरावा ठरला. मुख्याध्यापकांनी त्या कागदावर सही केली, आणि सहामाही संपली तेव्हा तुमची नेमणूक पुढे चालवली नाही. त्यांची स्वतःची नोकरी पूर्ण झाली. निवृत्तीला शाल, नारळ, भाषणं सगळं झालं. तुम्ही कशेळ्याच्या बाजारात सायकली दुरुस्त करायला बसलात. आदिवासी वाड्यांवरून येणारी माणसं तुम्हाला 'सर' म्हणायची, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. शाळेत जे मिळालं नाही ते तुम्हाला पंक्चर काढताना मिळालं, आणि त्यावर तुम्ही एखादा विनोद नक्की केला असणार. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही. मला राग येतो. वर्कशॉप चालवायला नंतर कोणी माणूस नेमलाच नाही, लेथवर ताडपत्री टाकून ठेवली, पस्तीस वर्षं पावसाचं पाणी भिंतीतून झिरपू दिलं, आणि आता गंजाचं कारण म्हणून तुम्हाला दाखवायचं. ज्याने मुलांना खोटं काम मांडू दिलं नाही त्याच्या माथी खोट्या कामाचा ठपका, तोही त्याच्यामागे, तोही ठराव करून.

तपासणीच्याच दिवशी दुपारी तुम्ही मला थांबवून घेतलं होतंत. मी रडायच्या तयारीने उभा होतो, शिव्या खायच्या तयारीने. तुम्ही कपाटातून माझी खरी हातोडी काढलीत, बाजारच्या हातोडीशेजारी ठेवलीत. दोन्हीवरच्या आकड्यांची डावी बाजू खोल आणि उजवी पुसट. तुम्ही म्हणालात, "पंच सरळ धर म्हनून तीन वर्सं सांगतोय तुला. आजून झुकतोय." बस, एवढंच. मग माझी हातोडी माझ्या हातात दिलीत, ही घरी न्ये म्हणालात, आणि किल्ली मागून घेतलीत. किल्ली घेताना तुमचा हात माझ्या हाताला लागू नये याची तुम्ही काळजी घेतलीत. ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. खोपोलीची चिठ्ठी मी घेतली, हेही सांगायला हवं. कारखान्यात वर्षभरसुद्धा टिकलो नाही. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो आणि तिथून सरकत सरकत वर्तमानपत्राच्या टेबलावर आलो. तुम्ही गेलात तेव्हा मी टेबलावरच होतो. स्थानिक वार्ताहराने तुमच्यावर चार ओळी पाठवल्या होत्या, जागा नव्हती म्हणून मी त्या वगळल्या. जागा होती, सर.

सभेत बोलायला वेळ मागितला तर सचिव म्हणाले, आयत्या वेळच्या विषयांत बोला. म्हणजे ठराव झाल्यावर, चहाच्या आधी. मी तसं करणार नाही. विषय पुकारला की उभा राहणार आणि कारणाचं वाक्य गाळा म्हणणार, आणि का ते सांगणार. जुने मुख्याध्यापक पहिल्या रांगेत असतील, त्यांना बोलावलंय. त्यांना काही आठवणार नाही असा माझा अंदाज आहे. अध्यक्ष विचारतील, याला दुसऱ्या कोणाचा दुजोरा आहे का. इतिवृत्त लिहायला हेडक्लार्क त्यांच्या शेजारीच बसलेला असेल, त्या दिवशी माझ्यामागून हो म्हणालेला. त्याची अजून सहा वर्षं नोकरी आहे, मुलगी लग्नाची आहे, आणि मी बातमीसाठी येतोय असं त्याला वाटतं. त्याला मी अजून काही विचारलेलं नाही.