मी म्हटलेलं ‘येस’

३ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हॉटेलच्या शिवणखोलीत चादरींच्या कडा दुमडता दुमडता तू लिहिलेली इंग्रजी वाक्यं घोकते. ‘पीस ऑफ केक’ म्हणजे अगदी सोपं काम, हे ऐकून बायका खो खो हसल्या.

आज तर कमालच झाली. नवे मॅनेजर खोलीत आले. त्यांना आपली भाषा येत नाही, म्हणून एरवी माझी धाकटी जाऊ मध्ये बोलते. तिला इथे कामाला मीच लावून दिलं, तुला ठाऊकच आहे. आज मात्र त्यांनी थेट मलाच विचारलं, की यू वॉन्ट टु कॉल इट अ डे? तूच लिहिलं होतंस, याचा अर्थ आजचं काम आटोपायचं. सुटायची वेळ झालीच होती. मी ठसक्यात म्हटलं, येस सर, थँक यू! त्यांनी चक्क हात मिळवला. जाऊ नुसती हसली. दादा, पहिल्यांदाच मला मधलं माणूस लागलं नाही!

शिवणखोलीच्या मुख्य बाई आता निवृत्त होताहेत. त्यांची जागा मलाच मिळणार, असं सगळ्या म्हणतात. घरी ह्यांना सगळं सांगितलं, तेव्हा ह्यांनीही शाबासकी दिली. वहिनींना नमस्कार.

तुझी,
ठमी

९ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसलो, मग मनात चर्र झालं. त्या शब्दांचा आणखी एक अर्थ आहे, तो मी लिहिला नव्हता. काम कायमचं सोडायचं का, असंही त्यातून विचारतात. आणि रोज घरी जाणाऱ्या माणसाशी कुणी हात मिळवत नाही गं.

जावेला विचारू नकोस, सरळ साहेबांकडे जा. वाक्प्रचार राहू देत, साधं बोल. चुकलं तर चुकलं. माझी शंका खोटी ठरो. उत्तराची वाट पाहतो.

तुझा,
दादा

१६ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

शंका खरी निघाली. एकटीच गेले आणि म्हटलं, आय नॉट लीव्ह, माय आइज गुड. माझे डोळे अधू झालेत अशी आवई आमच्या मुकादमाकडून आधीच कानावर आली होती. साहेबांनी मला दोनदा बोलायला लावलं, मग सोपे शब्द शोधत सांगितलं. माझी नजर अधू झालीय, मला थांबायचंय पण बोलायला संकोच वाटतो, असं जाऊ त्यांना म्हणाली होती. माझ्या तोंडून ऐकावं म्हणून ते मुद्दाम आले, आणि मी येस म्हटलं. मुख्य बाईंची जागा त्यांनी तिला दिली. त्यांना वाईट वाटलं. तिच्या हाताखाली कामावर राहा म्हणाले. मी नको म्हटलं.

घरी जावेला जाब विचारला. ती म्हणाली, येस तुम्ही म्हणालात, मी एक शब्द तरी बोलले का? खरंच बोलली नव्हती. सगळं समजत असून शेजारी उभी होती, हसत.

तेही गिळलं असतं. पण हे ताटातून मान वर न करता म्हणाले, पगार घरातच येणार, तो तुझ्या हातात काय नि तिच्या हातात काय, म्हणून मी तिला अडवलं नाही.

दादा, ह्यांना आधीपासून माहीत होतं. शाबासकी दिली तेव्हासुद्धा.

घरचं शिवणयंत्र माझं आहे. ते घेऊन रविवारी येते. वहिनींना थोडी जागा करायला सांग. ह्यांनी विचारलं, किती दिवसांसाठी जातेस. मी यंत्रावर झाकण बसवलं.

तुझी माया तेवढी राहू दे.

ठमी