वारसाचा रकाना

शुक्रवार, तिन्हीसांजा

आज सहकारी गृहनिर्माण संस्थेचा फॉर्म भरला. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, चाळीतली बिऱ्हाडं लांब लांब पांगली. उरलेल्यांना तरी लालबागेतच, परवडेल असं घर मिळावं. सभासद पुरे व्हायला माझाच एक फॉर्म कमी होता. सगळं नीट लिहिलं आणि वारसाच्या रकान्यात हात आपोआप बायकोचं नाव, ‘सुमती’, लिहून गेला.

शेजारची शेवंता फॉर्म गोळा करते. तिनं त्या रकान्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, “नाना, वयनी जावन दोन वर्सां झाली. खोडा ता. दुसऱ्या कोणाचा तरी घाला. सकाळी फॉर्म न्हेवक येतंय.”

दुसरं कोणाचं? मूल नाही, भाऊ गेला. शाळेत कविता रचताना यमक सुचलं नाही, तर मास्तर म्हणायचे, जागा कोरी ठेव, सुचेल मागाहून. हा रकाना कोरा चालत नाही म्हणे.

शेवटी सुमतीवर बारीक रेघ ओढली. अजून वाचता येतं. खाली शेवंताचंच नाव घातलं, तिला न विचारता. सकाळी रागावेल. रागवू दे. रागवायला तरी कुणी दारात उभं राहील.