ग्राहक अकोल्याला गेले आहेत

अमरावती, ता. ३ फेब्रुवारी २०२५

चि. तारास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

नऊ दिवस झाले, चार वाजता मी पडद्यावर दिसलो नाही, म्हणून तू घाबरली असशील. प्रकृती ठणठणीत आहे. आजारी आहे तो इंटरनेटचा डबा. त्याचा हिरवा दिवा तांबडा झाला आहे. मोबाईलवरून लावून पाहिलं तर तुझा चेहरा एका जागी थिजतो. ओठच हलले नाहीत तर माझ्यासारख्या ठार बहिऱ्याने वाचायचं काय? म्हणून हे पत्र.

शेजारच्या देवश्रीने तक्रार नोंदवून दिली. कंपनीने उलट फोन केला. मी तो कानाला धरून 'मला ऐकू येत नाही' असं तीनदा मोठ्याने सांगितलं. संध्याकाळी संदेश आला : ग्राहकाच्या फोनमध्ये बिघाड आहे, तक्रार निकाली. चाळीस वर्षं वकिली केली, पण इतका झटपट निकाल एकाही कोर्टात पाहिला नाही.

मग स्वतः कचेरीत गेलो. तिथल्या प्रतीक्षा नावाच्या मुलीने कागदावर लिहून दिलं की लेखी अर्ज घेत नाही, तक्रार फक्त अ‍ॅपवर. अ‍ॅपला इंटरनेट लागतं, आणि ते असतं तर मी आलो असतो का, असं विचारलं. तिने खाली लिहिलं, "बरोबर आहे सर." आणि मला पाच तारे द्यायला सांगितले.

तू गुडघ्याला तेल लावत जा. मायेत खंड नसावा.

तुझा,
बापू

—

अकोला, ता. ७ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. मागच्या वेळी तुझ्या मिशीले हसली, म्हणून रुसला की काय असं वाटलं होतं मले.

आता रागावू नको. मी इथून कंपनीले फोन लावला. ते म्हणे, ज्याच्या नावावर आहे त्यालेच बोलू द्या. बरं म्हटलं. फोन ठेवला, पाणी प्याली, घसा खाकरून जाड आवाज काढला आणि पुन्हा लावला, की मी बापूसाहेब बोलून राहिलो. पोरीने जन्मतारीख विचारली, सांगितली. आईचं नाव विचारलं. ते तर माझ्याही आईचं! ती म्हणे, आजोबा, तुमचा आवाज किती गोड आहे. मी विरघळली. तेवढ्यात तिने कुठून बोलता म्हणून विचारलं, आणि मी बावळटासारखी खरं सांगून बसली : अकोला, जठारपेठ.

दुसऱ्या दिवशी दोन माणसं शिडी घेऊन दारात. माझा डबा चालू असताना त्याच्या बाजूले दुसरा ठोकला. वर चिठ्ठी : बापूसाहेब, खाली माझा फोन नंबर. म्हणे ग्राहकाने जागा बदलली. मी म्हटलं, नाही बदलली. तर म्हणे, तुमी कोण, आजी? आता यावर मी काय सांगणार होती?

दिवा मात्र झकास हिरवा आहे. तुले पाहाले तरसली आहे, एवढं ध्यानात असू दे.

तुझी,
तारा

—

अमरावती, ता. ११ फेब्रुवारी

चि. तारास अ. उ. आ., वि. वि.

काल गोवर्धन नावाचा इसम माझा डबा काढून न्यायला आला. मी कारण विचारलं. मी पुढे केलेल्या पाटीवर त्याने लिहिलं, "ग्राहक अकोल्याले गेले." ग्राहक मीच आहे, असं सांगून आधार कार्ड दाखवलं. त्याने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, चांगलं आहे म्हणून मान हलवली आणि खात्री करायला ग्राहकाला फोन लावला.

तो फोन, अर्थातच, तू उचललास. आपण बापूसाहेबच असून अकोल्यात सुखरूप आहोत, असं तू ठणकावून सांगितल्याचं त्याने मला लिहून दाखवलं. वर तळटीप : "काका, मले वरून जे आलं ते करून राहिलो. तुमी कोणी का असा ना." माझ्याच ओसरीत मी तोतया ठरलो!

जागा परत बदलायची तर ग्राहकाने अकोल्याच्या पत्त्यावर अस्सल कागदांसह हजर राहायचं आहे. शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतो. तोवर कोणाचाही फोन आला तरी तू फक्त तारा राहा, एवढी कृपा कर.

बापू

—

अमरावती, ता. १६ फेब्रुवारी

चि. तारास अ. आ.

शुक्रवारी तुझ्या घरी कंपनीच्या माणसाने डब्याशेजारी उभं करून माझा फोटो काढला, 'ग्राहक घरी सापडला' असं नोंदवलं आणि जागा परत अमरावतीला बदलण्याचा अर्ज घेतला. तो विषय संपला.

आता दुसरा विषय. दोन वर्षं मी तुला रोज पाहत होतो, पण कपाळापासून हनुवटीपर्यंतच. तू प्लास्टिकची खुर्ची पुढे ढकलत स्वयंपाकघरात जातेस, हे मला परवा कळलं. मी विचारलं तर तू तोंड फिरवून बोललीस, म्हणजे मला वाचता येऊ नये. वकिलासमोर असली लबाडी! शेवटी तुझ्या कामवाल्या जमुनाबाईने सरळ समोर उभं राहून सांगितलं : दिवाळीत न्हाणीत पडलीस, खुबा दुखावला, आणि दादाले कळू द्यायचं नाही अशी तिला शपथ घातलीस.

गाडीत माझं कशात लक्ष लागलं नाही. आल्यावर मी कचेरीत जाऊन अर्ज मागे घेतला. प्रतीक्षाने कारण लिहायला सांगितलं. मी लिहिलं, "ग्राहक खरंच अकोल्याला चालले आहेत."

सोमवारी, २४ तारखेला, सामान घेऊन निघतो. ही विनंती नाही, कळवणं आहे.

बापू

—

अकोला, ता. १९ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

जमुनाशी मी दोन दिवस बोलली नाही. मग तिनेच खोली झाडून तुझी खाट उन्हाच्या खिडकीपाशी लावली, तेव्हा बोलावंच लागलं.

मले कोणाची गरज नाही, हे आधी सांगून ठेवते. इतके महिने केलंच ना सगळं? तू एकटा, त्यात तुले ऐकू येत नाही. तुले काळजी काहून लावू, असं वाटे. माझ्या घरात वकिली चालणार नाही. भाजी मी निवडीन, चिरायची तू. जेवणाची वेळ साडेबारा.

एक गोष्ट मात्र ऐक. सोमवारी आला की बेल वाजवू नको. दार लोटून ठेवीन, ढकलून आत ये. खाटेवरून दारापर्यंत यायले मले आता दहा मिनिटं लागतात, आणि कधी कधी मधातच बसावं लागते. हे पहिल्यांदाच कोणाले लिहून राहिली.

वाट पाहणारी,
तारा