पेटीसोबतचा कागद

रूसे, १९ ऑक्टोबर

प्रिय आसेन,

रविवारच्या बसने तुझ्याकडे दोन खोकी येतील. ड्रायव्हर तोच, मागच्या वर्षीचा मिशीवाला. त्याच्याकडे तुझा नंबर दिलाय, पण तो फोन करायचा कंटाळा करतो, तेव्हा तूच वेळेवर थांब्यावर जा. एका खोक्यात लुतेनित्साच्या, तुझ्या त्या लाल मिरच्यांच्या चटणीच्या, बारा बाटल्या आहेत. मिरच्या यंदा मी एकटीनेच बाल्कनीत भाजल्या, त्यामुळे काही जरा जास्तच करपल्यात. नावं ठेवायची असतील तर तिकडेच ठेव, मला कळवू नकोस. दुसऱ्या खोक्यात काय आहे ते उचलल्याबरोबर तुझ्या हाताला कळेल, म्हणून आत्ताच सांगून टाकते. तो तुझा ॲम्प्लिफायर आहे. लगेच फोन उचलून माझ्यावर डाफरू नकोस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर तू हवापाणी विचारतोस, मी सांगते, आणि दोघंही सुटल्यासारखे फोन ठेवतो. तसं या वेळी नको.

मी दमलेय रे. आजारी वगैरे नाही, नुसती दमलेय. लिफ्ट बंद पडून तीन आठवडे झाले आणि आठ मजले काही कमी होत नाहीत. पाचव्या मजल्यावर पिशवी टेकवून बसते, तर दिमो दार उघडून विचारतो, नेव्यानाबाई, खुर्ची आणू का? त्याला म्हटलं, खुर्ची नको, तुझा मजला मला दे. गेल्या आठवड्यात तुझ्या बाबांना जाऊन सहा महिने झाले. दारावरचा त्यांच्या निधनाचा फोटोवाला कागद बदलून नवा लावला, त्यांच्या नावाने गहू उकडून शेजाऱ्यांना वाटले. फोटो तोच घातला, त्यांच्या न्हाव्याच्या दुकानातला, पांढऱ्या कोटातला. त्यात त्यांचा उजवा हात दिसतो, पाचही बोटं. छापणाऱ्या मुलीला मी दोनदा सांगितलं, कापायचा असेल तर डोक्यावरून काप, हात कापू नकोस.

तर त्या ॲम्प्लिफायरच्या पेटीबद्दल. ऑगस्टमध्ये तुझी रालित्सा इथे होती तेव्हा तळघरातून रिकाम्या बाटल्या आणायला मी तिला पाठवलं, आणि ती बाटल्या सोडून ही पेटी पोटाशी धरून वर आली. आठ मजले, आणि तेव्हाही लिफ्ट बंद! पंधरा वर्षांची पोर, हात हा एवढासा. हे कोणाचं, असं विचारलं. तुझ्या बापाने सतराव्या वर्षी स्वतः बनवलंय म्हटल्यावर तिचा विश्वासच बसेना. मग पुढचे तीन आठवडे माझ्या मागे तोच धोशा, मला दे, मला दे. तुला फोन लावला तर तू तिला एवढंच म्हणालास की ती पेटी माझ्या घरात येणार नाही. एका शब्दाचीही भर नाही. त्यानंतर ती मला म्हणाली की आमच्या घरात साधा रेडिओही नाही, गाडीत आईने गाणं लावलं की बाबा बंद करतात. बाबांना गाणी आवडतच नाहीत का गं आजी, असं विचारलं तिने. मी म्हटलं, तो पहिल्यापासून तसाच. इतकं धडधडीत खोटं मी नातीसमोर बोलले आणि वर तिला आणखी एक धिरडं वाढलं.

पेटी मी ताशोकडे नेली होती, आपल्या खालच्या चौकातला मेकॅनिक. त्याने आतला जळका ट्रान्सफॉर्मर काढून नवा घातला, फ्यूज घातला, आणि प्लगची जुनी दोन तारांची दोरी काढून तीन तारांची बसवली. आता नीट ऐक, कारण हे रालित्सालाही सांगायचंय. प्लग भिंतीतल्या अशाच सॉकेटमध्ये घाल जिथे अर्थिंग खरोखर आहे. आहे असं वाटतं तिथे नको, माणूस बोलावून तपासून घे. हीटर ज्या एक्स्टेंशनवर असेल त्यावर ही लावू नका. स्पीकरच्या तारा पेटी बंद असतानाच जोडायच्या. सुरू करण्याआधी आवाजाचं बटण शून्यावर, हे तुझ्या लेकीला विशेष सांग. ती हेडफोन लावते तेव्हा मला शेजारच्या खोलीत गाणं ओळखू येतं. कान एकदा गेले की कुठल्या मेकॅनिककडे नेणार? ढग गडगडायला लागले की प्लग काढायचा, आणि तो काढताना प्लग धरायचा, दोरी ओढायची नाही.

हसतोयस ना? एकोणीस वर्षं मी कारखान्यात पॅकिंगला होते. रेडिओ, त्यावर थर्माकोल, आणि सगळ्यात वर तो घडीचा कागद: वापरण्यापूर्वी हे वाचा. अकरा मुद्दे होते. दिवसाला तीनशे-चारशे कागद या हातांनी घातले असतील. एकदाही वाचला नाही. आपण काय बाई, गिऱ्हाइकाने वाचावा म्हणून घालतो, अशी आमची समजूत. कारखाना बंद झाला तेव्हा त्या कागदांचा गठ्ठा मी घरी आणला, बरण्यांखाली घालायला. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा तुझे बाबा हॉस्पिटलात होते.

पण त्याच्या आधीचा तो मार्च तुला आठवतो का? मला तर त्या खोलीचा वास आठवतो. स्वयंपाकघरातल्या खिडकीखालचं टेबल तू बळकावलं होतंस, डाख लावायचा धूर माझ्या सूपमध्ये जायचा. पेटी वाजायला लागली, पण गाण्याच्या मागे सतत ती घरघर. तू सगळं उलगडलंस, परत जोडलंस, परत घरघर. महिनाभर तू धड जेवला नाहीस. बाबा म्हणायचे, अरे, बायको सोबत असली की घरघर असायचीच, सवय कर. तू चिडायचास. मग त्या गुरुवारी तू शाळेतून आलास, आदल्या दिवशी लावलेला डाख कसा झालाय ते बघायला पेटी सुरू केलीस, आणि घरघर गेलेली. तू मला ओढत टेबलाशी नेलंस, माझं डोकं स्पीकरला टेकवलंस आणि म्हणालास, “आई, ऐक. काहीच ऐकू येत नाही.” माझ्या हाताला पीठ होतं, तुझ्या शर्टाला लागलं. इतका आनंद मी तुझ्या चेहऱ्यावर नंतर कधी पाहिला नाही. लग्नातसुद्धा नाही, हे येलेनाला सांगू नकोस.

पेटीवर काही ठेवायचं नाही. हे मघाशीच लिहायला हवं होतं, राहिलं. वरच्या पत्र्याला भोकं आहेत ती आतली गरमी बाहेर जायला आहेत. मी त्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता, त्यावर जिरेनियमची कुंडी. नुसता पत्रा कसला उघडा बघायचा! तू दोनदा काढलास, मी दोनदा परत घातला, तिसऱ्यांदा तू नाद सोडलास. ताशोने ती पेटी उघडली तेव्हा पत्र्याच्या वरच्या बाजूला रुमालाची नक्षी उमटलेली दाखवली, करपलेली. ट्रान्सफॉर्मर त्या उन्हाळ्यात आतल्या आत भाजून निघाला, म्हणाला. त्याच उन्हाळ्यात दिमोने घर नवं केलं आणि आपल्या ओळीचे लोखंडी पाईप काढून प्लॅस्टिकचे बसवले. त्याला काय ठाऊक. आम्हाला तरी काय ठाऊक होतं की वरच्या आपल्या रेडिएटरचा जमिनीशी संबंधच तुटला!

पुढचं तुला पाठ आहे, तरी लिहिते. ऑक्टोबर, घरं उबदार ठेवायला पाईपांत गरम पाणी सोडल्याचा पहिला दिवस. सगळ्यात वरचा मजला म्हणून हवा आपल्याच रेडिएटरमध्ये अडकते. दरवर्षीप्रमाणे ती हवा सोडायला बाबा पितळी किल्ली आणि पातेलं घेऊन बसले. फरशी मी नुकतीच पुसली होती, ते अनवाणी. तुझी पेटी सुरू होती. त्यांनी किल्ली धरली आणि ती त्यांना सोडता येईना. तोंडातून आवाजही निघत नव्हता. मी दोरी धरून प्लग ओढला. प्लग धरून नाही, दोरीच धरून. तीन बोटं गेली. विजेच्या कचेरीतला माणूस आला, त्याने पेटीला मीटर लावलं आणि म्हणाला, पत्र्यात करंट उतरलाय, कोपरा पाईपला टेकला असणार. हे कोणी बनवलं आणि इथे कोणी ठेवलं? तू दारात उभा होतास. तू म्हणालास, “मी.”

तेवढ्यावर सगळं संपलं. डाखाची कांडी तू कचऱ्यात टाकलीस, तांत्रिक महाविद्यालयात नाव लागलं होतं तिथे गेलाच नाहीस, एकोणिसाव्या वर्षी स्पेनला जाऊन लोकांच्या घरात फरश्या बसवायला लागलास. बाबा दुकान विकून गाड्यांच्या तळावर राखण करायला बसले. कोणी हाताबद्दल विचारलं तर सांगायचे, बरं झालं, आता गिऱ्हाइकांचे कान सुखरूप आहेत. तुझ्यावर ते एका शब्दाने कधी चिडले नाहीत, आणि तुला वाटलं ते त्यांचं मोठेपण. मोठेपण होतंच, पण तुला वाटलं ते नव्हे. हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी, हाताला हे एवढं बांधलेलं, त्यांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: “नेव्याना, पाईपला एक पिवळी-हिरवी वायर होती. ती कुठे गेली?” मी म्हटलं, पाणी पिता का? त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पाणी प्यायले. त्यानंतर बावीस वर्षांत तो विषय त्यांनी काढला नाही. या एप्रिलमध्ये, जाण्याआधीच्या आठवड्यात, डाव्या हाताने माझं मनगट धरून म्हणाले, “पोराला सांगून टाक.” मी म्हटलं, सांगते. मग ते गेले, तू आलास, शवपेटीला खांदा दिलास, त्यांच्या त्या हाताकडे बघितलं नाहीस, आणि चौथ्या दिवशी परत गेलास. मी सांगितलं नाही.

आता सांगते, त्यासाठीच हे सगळं. खोक्यात तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली वायर आहे, दोन हात लांब. कारखान्यात तपासणीच्या टेबलावरची पोरं घरघर मारायला अशीच वायर पाईपला लावायची, ते मी पाहिलं होतं. त्या गुरुवारी तू शाळेत असताना मी ती पेटीच्या मागच्या स्क्रूपासून रेडिएटरच्या पाईपला बांधली, पडद्याआड. घरघर त्याने गेली, आसेन. तुझ्या डाखाने नाही. तुझा तो चेहरा बघून मला सांगवेना, आणि तिथूनच सगळं चुकलं. ऑक्टोबरमध्ये एका हाताने प्लग ओढला तसा दुसऱ्या हाताने ती वायर ओढली आणि ॲप्रनच्या खिशात कोंबली. तू दारात उभा राहून “मी” म्हणालास तेव्हा ती माझ्या खिशात होती. पेटीचा कोपरा पाईपला कधीच टेकला नव्हता. रुमाल माझा, कुंडी माझी, वायर माझी. तुझं त्यात काही नव्हतं. मी घाबरले होते, मग लाज वाटली, आणि मग इतकी वर्षं झाली की तोंड उघडायचं कसं तेच कळेना. माफ कर असं लिहीत नाही. तो तुझा प्रश्न. आनंदाचा तो एक दिवसही मी तुझ्याकडून काढून घेतेय हे मला कळतंय. पण ताशो म्हणाला की ज्याने हे डाख लावलेत त्याचा हात उस्तादाचा आहे, एकही जोड बावीस वर्षांत हललेला नाही. फक्त आत एक तार चुकीच्या जागी नेलीय, तिने घरघर येते, धोका काही नाही. तो काढून देणार होता. मी त्याला हात लावू दिला नाही. रालित्साला शेजारी बसव आणि तूच काढ. मात्र उघडण्याआधी प्लग काढ आणि दहा मिनिटं थांब, बंद केल्यावरही आत बराच वेळ करंट राहतो.

तुझीच,
आई