सतरा नंबर बंद करण्यामागचं शास्त्र

३ मार्च, सकाळी ९.४०
परिवहनच्या नियोजन कक्षात आज अकरा वर्षं झाली. माझ्या शिफारशी चौदा. मान्य शून्य. साहेबांना अर्थशास्त्राचं वावडं आहे, दुसरं काही नाही. या वेळी मात्र माघार नाही. सतरा नंबरची बस बंद करून दाखवणार.

कारण स्वच्छ आहे. मोठ्या दवाखान्यापासून आमच्या वसाहतीपर्यंत चार नंबर एकवीस मिनिटांत येते. सतरा नंबर पाण्याची टाकी, बंद पडलेला काच कारखाना आणि नदीकाठ असं मिरवत अठ्ठावन्न मिनिटं घेते. तिकीट तेवढंच. शहाणा माणूस तिच्यात बसेलच कशाला?

५ मार्च
साहेबांनी विचारलं, नदीकाठच्या लोकांनी काय करायचं. मी म्हटलं, मिनीबस, दिवसातून दोनदा. साहेब म्हणाले, बघू. त्यांच्या ‘बघू’चा अर्थ मला पाठ आहे. तरी बधलो नाही. प्रवासी चढता-उतरताना कार्ड टेकवतात, त्याचा महिन्याभराचा डेटा मागवला.

संध्याकाळी बायको आल्यावर तिला दारातच ‘वेळेचं मूल्य’ समजावलं. म्हणजे एक मिनिट वाचवायला माणूस किती मोजायला तयार आहे. ती चपला काढेपर्यंत माझी प्रस्तावना संपली होती. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर असते. दिवसभर लोकांचं ऐकायची सवय, त्यामुळे श्रोता म्हणून उत्तम. मान हलवत स्वयंपाकघरात गेली. मीही गेलो.

९ मार्च
डेटा आला. एक कार्ड विलक्षण आहे. रोज साडेपाचला दवाखान्याच्या थांब्यावर असतं, चार नंबर समोरून जाऊ देतं, सतरात चढतं आणि आमच्याच वसाहतीत उतरतं. रोज सदतीस मिनिटं फुकट. माझ्या सूत्रात या इसमाच्या वेळेचं मूल्य शून्याच्याही खाली येतं. असा माणूस अर्थशास्त्रात बसत नाही. हिशेबातून वगळला.

१० मार्च
वगळलेला इसम डोक्यातून जाईना. बायकोला सांगितलं. तिने विचारलं, कार्डावर नाव कळतं का. मी म्हटलं, छे, नुसता नंबर. ती म्हणाली, बरं. मग न मागता चहा केला. विषयात तिला रस यायला लागला आहे.

१३ मार्च
साहेब म्हणतात, वगळलात कशाला, जाऊन विचारा त्याला. ठीक आहे. आव्हान स्वीकारलं. बावीस प्रश्नांचा फॉर्म केला.

१६ मार्च, संध्याकाळी ७
सतरा नंबर पाण्याच्या टाकीपाशी पकडली. कंडक्टरला कार्डाचा नंबर आणि रोजची वेळ सांगितली. तो म्हणाला, या बाईच असणार, तीन वर्षं हीच खिडकी.

बायको होती. चपला काढून, पाय समोरच्या दांडीवर. माझा समज असा होता की तिची दवाखान्यातली खिडकी सहाला बंद होते.

मी डगमगलो नाही. फॉर्म काढला. प्रश्न एक, प्रवासाचा हेतू. ती म्हणाली, “बसणं.” प्रश्न दोन, हीच बस का. ती खिडकीबाहेर बघू लागली. मग म्हणाली, “तिकडे दिवसभर दोनशे माणसं बोलतात. घरी तुम्ही बोलता. मध्ये हा एक तास कोणी बोलत नाही. तेवढी बस राहू द्या.”

मला लागलं, हे इथे कबूल करतो. पण एकट्याच्या आवडीवर सार्वजनिक धोरण का ठरत नाही, हे तिला कळायला हवं होतं. उरलेली चाळीस मिनिटं तेच समजावत आलो.

१८ मार्च
कुतूहल म्हणून पुन्हा गणित केलं. आठवड्यातून दोन-तीनदा असंच वागणारी आणखी एकोणीस कार्डं निघाली. या सगळ्यांची मिनिटं तोट्यातून काढून फायद्यात धरली तर सतरा नंबर काठावर तरते. ते पान फाडलं. घरच्यांसाठी शास्त्र वाकवणारा मी नव्हे.

२४ मार्च
मान्य. पंधरावी शिफारस, सही-शिक्क्यासह. साहेब म्हणाले, तसेही ड्रायव्हर कमी पडताहेत. बोलण्याची पद्धत आहे एकेकाची. विश्लेषण पटलं, हे महत्त्वाचं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अभिनंदन. कणीक मळत होती, मळत राहिली.

१ एप्रिल, संध्याकाळी ५.४५
आजपासून सतरा नंबर बंद. बायको पाच एक्कावन्नला वसाहतीत उतरेल. वाचलेली सदतीस मिनिटं तिच्याच भल्यासाठी वापरायची. आज विषय: गर्दीच्या वेळचं वाढीव भाडं. तक्ते तयार आहेत.

त्याच दिवशी, ६.४०
साडेसहाला आली. नेहमीच्याच वेळी. म्हणाली, काम राहिलं होतं. चार नंबर वेळेवर होती, मी फोनवर बघितलं.

४ एप्रिल
गॅलरीत उभा राहिलो. पाच एक्कावन्नला चार नंबरमधून उतरली. थांब्याच्या बाकावर बसली. फोन नाही, पुस्तक नाही. दुसरी बस आली, तिसरी आली. साडेसहाला उठून जिना चढली. मी दार उघडून काहीच बोललो नाही. जवळजवळ मिनिटभर.

५ एप्रिल
एक तांत्रिक अडचण. आमच्या शास्त्रात थांब्यावरचं एक मिनिट गाडीतल्या दोन मिनिटांएवढं जड धरतात. म्हणजे माझ्याच सूत्राने तिचं नुकसान दुप्पट झालं. सूत्रात दुरुस्ती हवी. शिफारशीत नाही.

७ एप्रिल
निश्चय केला होता की नुसतं शेजारी बसायचं. फॉर्म नाही, तक्ते नाहीत. सहाला खाली गेलो, बसलो. घड्याळ लावून चार मिनिटं गप्प होतो, हा माझा विक्रम असावा. तो तिच्याही लक्षात यावा म्हणून तिला तसं सांगितलं. मग ओघात सूत्राची दुरुस्तीही सांगितली.

ती म्हणाली, “अहो, तुम्ही वर जा. मी येते.”

किती मिनिटांत, असं विचारलं. 

वर आलो. आता सव्वासात झाले. गॅलरीतून दिसते आहे. मी बसलो तेव्हा ती बाकाच्या कडेला सरकली होती. आता पुन्हा मधोमध बसली आहे.